बाकावर न आलेली मुलं

«ताई, मी एमएसडब्ल्यूच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमचा तालुका साखरपट्ट्यातला. लघुप्रबंधाचा विषय मिळालाय : ‘बालके व कुटुंबांसाठी शीघ्र हस्तक्षेप व प्रतिबंधात्मक सेवा’. सर म्हणतात, चाळीस पालकांकडून प्रश्नावली भरून घे आणि समाधानाची टक्केवारी काढ. कागदावर आमच्याकडे सगळं आहे. अंगणवाड्या आहेत, आशा आहेत, तपासणीची गाडी येते, जिल्ह्याला केंद्र आहे. पण गावात विचारलं तर कुणाला काही सांगता येत नाही. सुरुवात कुठून करू? जाता जाता आणखी एक. हे सगळं वाचायला लागल्यापासून दादाच्या मुलाची काळजी वाटते. सव्वादोन वर्षांचा आहे, ‘मम’ सोडून काही बोलत नाही, हाकेला बघत नाही. पण जाहिरातीचं गाणं लागलं की पळत येतो, म्हणजे ऐकू येत असणार. आई म्हणते, दादाही उशिराच बोलला होता. घरात विषय कसा काढू? नाव-गाव छापू नका.»

तुझं पत्र साडेतीन पानांचं. तीन पानं प्रबंधावर आणि भाच्यावर शेवटच्या सात ओळी, त्याही ‘जाता जाता’. मी उलट्या क्रमाने उत्तर देते. प्रबंध मार्चमध्ये द्यायचाय. भाच्याला मार्चपर्यंत थांबवून ठेवू नकोस.

आधी कान. गाण्याला पळत येतो म्हणून ऐकू येतं, हा निष्कर्ष मी जिल्हा रुग्णालयात समाजसेविका होते तेव्हा इतक्या आजी-आजोबांकडून ऐकलाय की त्याची मोजदाद नाही. ऐकू येणं म्हणजे दिव्याचं बटण नव्हे, की लागला किंवा विझला. काही मुलांना ढोल ऐकू येतो, दार आपटलेलं ऐकू येतं, गाण्याचा ठेका कळतो, पण स, श, फ, त असे बारीक, वरच्या पट्टीतले आवाज निसटतात. बोलणं बरंचसं त्या आवाजांवर उभं असतं. मग मूल गाण्याला नाचतं आणि हाकेला मान वळवत नाही. सारखी सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठू शकतं, त्यानेही काही आठवडे कान बंद राहतात. टाळ्या वाजवून किंवा मागून ताट आपटून यातलं काहीच कळत नाही. त्यासाठी दोन तपासण्या आहेत. एकीत कानात छोटं बूच बसवतात आणि काही मिनिटांत काम होतं, ती ओएई. दुसरीत झोपलेल्या बाळाच्या डोक्याला तारा चिकटवून मेंदूपर्यंत आवाज पोचतो का ते पाहतात, ती बेरा. सिव्हिलमध्ये बेराची सोय नसेल तर ते पुढे पाठवतात. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग ही वाक्-श्रवणाची राष्ट्रीय संस्थाच आहे.

कान-नाक-घशाचे डॉक्टर आणि ऑडिओलॉजिस्ट जगभर एक हिशेब पाळतात : पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू. तुझा भाचा सत्तावीस महिन्यांचा आहे. घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. ‘दिवाळी होऊ दे, मग बघू’ हे वाक्य घरात निघेल, तेव्हा हा हिशेब तुला आठवावा म्हणून लिहितेय.

कान चांगले निघाले तर मात्र घरी परत येऊ नका. सिव्हिलच्याच आवारात बहुधा जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, सगळे त्याला डीईआयसी म्हणतात. तिथे बालरोगतज्ज्ञ, वाचा-उपचार करणारे, फिजिओथेरपिस्ट, मानसतज्ज्ञ, विशेष शिक्षक अशी पदं मंजूर असतात. (मंजूर असणं आणि खुर्चीवर माणूस असणं यातलं अंतर तुला प्रबंधात मोजायचंच आहे.) तिथे उपचारांसाठी दिव्यांग प्रमाणपत्र लागत नाही. ‘एकदा शिक्का बसला की बसला’ या भीतीने लोक जात नाहीत, म्हणून हे मुद्दाम सांगते. सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी वीस प्रश्नांची एक यादी आहे, ऑटिझमची शक्यता चाचपणारी, एम-चॅट नावाची. तुझा भाचा त्या वयात बसतो. ती तिथल्या माणसांनी विचारू दे. तू स्वयंपाकघरात वहिनीसमोर धरू नकोस.

आई म्हणते ते खोटं नाही. बरीच मुलं उशिरा बोलतात आणि पुढे व्यवस्थित बोलतात. दादा त्यातलाच असेल. पण दोन वर्षांपर्यंत मुलाने ‘पाणी दे’, ‘बाबा गेले’ असे दोन शब्द जोडलेले असावेत, आणि नावाने हाक मारल्यावर वळणं तर त्याच्या कितीतरी आधी येतं. नुसतं बोलणं लांबलंय ही एक गोष्ट. बोलणं लांबलंय आणि हाकेलाही उत्तर नाही, यात थांबून बघायचं नसतं. आणि आलेले शब्द गेले असतील, तर वय कितीही असो, त्याच आठवड्यात जायचं. वहिनीला विचार, आधी काही शब्द बोलायचा आणि बंद झाला, असं आहे का?

आता विषय काढण्याबद्दल. तू आत्या आहेस हे खरं, पण वहिनीच्या बाजूने बघ : नणंद शिकून आली आणि माझ्या लेकरात खोट काढली. त्यात घरातलं एखादं माणूस म्हणणारच, ‘हिनेच मोबाइल दाखवून दाखवून केलंय.’ ते वाक्य एकदा पडलं की वहिनी दार लावून घेईल, आणि मी तिला दोष देणार नाही. तेव्हा तिला एकटीला गाठू नकोस. दादाशी बोल. ‘ऑटिझम’, ‘मंद’, ‘विकासात मागे’ यातला एकही शब्द नको. तू डॉक्टर नाहीस, मीही नाही. इतकंच म्हण, ‘दादा, एकदा कान दाखवून घेऊ.’ कान दाखवणं घरात चालतं, त्यात कुणाचा कमीपणा नसतो. रजा दादाने काढायची, बाळाला कडेवर त्याने घ्यायचं. बाप सोबत आला की परत यायचं प्रमाण वाढतं, हे माझं निरीक्षण आहे, संशोधन नव्हे.

जिभेला मधात वेखंड उगाळून लावणं चालू असेल तर त्यावरून भांडू नकोस. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, पण हा सव्वादोन वर्षांचा आहे. वेखंडाचं तिथल्या डॉक्टरांनाच विचारा, पण त्यापायी सिव्हिल लांबवू नका. मोबाइल मात्र बंद, आणि तो सगळ्यांचा बंद, नुसता त्याच्या हातातला नाही.

तपासणीचा नंबर लागेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं नाही. त्याच्या उंचीला खाली बसा. तो ज्याकडे बघतोय त्याचंच नाव घ्या, आपल्याला शिकवायचंय त्याचं नको. एक शब्द बोला आणि थांबा, मनात पाच मोजा. आपण मोठी माणसं थांबतच नाही, मुलाची पाळी यायच्या आत पुढचं वाक्य टाकतो. हे मी हवेतून सांगत नाही. गोव्यातल्या ‘संगत’ संस्थेने आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या मंडळींनी मिळून ऑटिझम असलेल्या पासष्ट मुलांबरोबर एक चाचणी केली, ती 2016 साली ‘लॅन्सेट सायकियाट्री’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. आई-बाप आणि मूल खेळतानाचा व्हिडिओ काढायचा, तो त्यांच्याबरोबर बसून बघायचा आणि ‘इथे तुम्ही थांबलात, बघा त्याने वर पाहिलं’ असं दाखवायचं. दर पंधरा दिवसांनी तासभर, सहा महिन्यांत बारा बैठका. दाखवणारे तज्ज्ञ डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेले साधे कार्यकर्ते होते. पालक मुलाच्या कलाने घ्यायला शिकले आणि मुलं आपणहून संवाद सुरू करू लागली. सगळंच सुधारलं असं नाही, एका मोजमापात उलट घटही दिसली आणि त्यांनी ती लपवली नाही. तुझ्या प्रबंधातही असं एखादं वाक्य असू दे.

आता प्रबंध.

सरांच्या चाळीस प्रश्नावल्यांचा विषय निघाला म्हणून माझीच एक फजिती सांगते. नोकरीच्या सुरुवातीला मला असाच अहवाल करायला लावला होता. मी ओपीडीबाहेरच्या बाकावर बसलेल्या पालकांना एकेक करून विचारलं, ‘सेवेबद्दल समाधानी आहात का?’ सगळे म्हणाले, ‘हो ताई, चांगलं आहे.’ नव्वदच्या वर टक्के आले, साहेब खूश, मी खूश. फाइल बंद करताना आमच्या शिपाई मावशी सहज म्हणाल्या, ‘बाई, जे समाधानी नाहीत ते बाकावर कशाला येतील?’ मी तेव्हा हसले होते. रात्री झोप लागली नाही. अहवाल तोपर्यंत वर गेला होता.

तेव्हा तुझ्या अभ्यासाचा गाभा, माझ्या मते, बाकावर न आलेली मुलं हा असावा. त्यासाठी सेवांची यादी करून भागणार नाही. मुलांच्या मागे चालत जावं लागेल.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम म्हणजे तुमच्याकडची ती तपासणीची गाडी. तिची सुरुवात आपल्याच राज्यातून झाली : 6 फेब्रुवारी 2013, पालघर, तेव्हा ते ठाणे जिल्ह्यात होतं. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची मुलं, जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि विकासातला विलंब असे चार गट, सगळे मिळून तीस आजार-दोष. पथकात दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. त्या पथकाकडे नोंदवही असते. गेल्या वर्षाची तालुक्याची संख्या माग आणि एक जिना काढ. किती मुलं तपासली? किती जणांत काही आढळलं? किती जणांना चिठ्ठी दिली? चिठ्ठी घेऊन जिल्ह्याला किती पोचली? दुसऱ्यांदा किती आली? सहाव्यांदा? वरच्या पायरीवरची मुलं आणि खालच्या पायरीवरची मुलं यांच्यात जी वजाबाकी होते, त्या वजाबाकीच्या घरी जा. चाळीस नकोत. पंधरा घरं पुरेत, पण प्रत्येक घरात दोन तास.

आणि तिथे ‘का नाही गेलात?’ असं विचारू नकोस, त्यात आरोप येतो. ‘चिठ्ठी मिळाली त्या दिवसापासून काय काय झालं?’ एवढंच विचार आणि गप्प बस. मग ऐकायला मिळेल की एसटी सकाळी सातला असते, मुक्कामाची वेळ येते, एका खेपेला दोघांचं तिकीट आणि एक दिवसाची रोजंदारी जाते, धाकटीला कुणाकडे ठेवायचं हा प्रश्न असतो, गेलो तर थेरपिस्ट रजेवर होत्या, मंगळवारी या म्हणाले. किंवा सासऱ्यांनी चिठ्ठी देवघरात ठेवली, ती तिथेच आहे. अशी चिठ्ठी बघायला मिळाली तर तारीख लिहून घे.

जिन्याच्या पहिल्या पायरीवरही न चढलेली मुलं असतात, त्यांना विसरू नकोस. पथक सहा वर्षांखालच्या मुलांसाठी अंगणवाडीत जातं, म्हणजे जी मुलं अंगणवाडीच्या पटावर नाहीत किंवा खाजगी नर्सरीत जातात ती निसटतात. तुमच्याकडे ऊस आहे, म्हणजे गळीत हंगामात फडावर ऊसतोड मजुरांच्या टोळ्या आहेत. बीडहून आलेल्या टोळीच्या कोपीतलं, म्हणजे झोपडीतलं, दोन वर्षांचं मूल कुणाच्या पटावर आहे? पथक त्याच्या गावच्या अंगणवाडीत गेलं तेव्हा ते तुमच्या शिवारात होतं, आणि तुमच्या अंगणवाडीत आलं तेव्हा त्याचं नाव यादीत नव्हतं. हे एकच प्रकरण नीट लिहिलंस तर बाकीचा प्रबंध सामान्य झाला तरी माझी हरकत नाही.

प्रतिबंध आणि हस्तक्षेप यांत घोळ होतो असं तू लिहिलंयस. व्याख्यांवर पानं घालवू नकोस. एका बाळाचं उदाहरण घे. आईला गरोदरपणाआधीपासून फोलिक ॲसिड मिळणं, ताटात आयोडीनचं मीठ असणं, हे प्रतिबंध. बाळ कमी दिवसांचं जन्मलं आणि नवजात अतिदक्षता कक्षात राहून घरी आलं, तर त्याचे डोळे महिन्याच्या आत तपासायचे, कारण अशा बाळांच्या डोळ्यांच्या पडद्याला इजा होऊ शकते आणि वेळेत लेझर केला तर दृष्टी वाचते. याला काय म्हणायचं ते तूच ठरव, बाळाला फरक पडत नाही. त्या कक्षातून गेल्या वर्षी किती बाळं घरी गेली आणि त्यातली किती पुढच्या तपासणीला आली, हा आकडा मात्र नक्की माग. तो आकडा मला कुणी सहज दिल्याचं आठवत नाही.

आशाताईंच्या बाबतीत कागद स्पष्ट आहे. दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरभेट, पुढे तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्याला. आईला विचार, यातल्या किती झाल्या. मग माता बाल संरक्षण कार्ड माग. त्यात मुलाच्या वाढीचे चित्रांचे टप्पे असतात : मान धरतो, बसतो, बोलतो. त्या पानावर एक तरी खूण आहे का बघ. वजनाचा आलेख बहुधा भरलेला असेल. शेजारचं पान कोरं असेल तर त्याचा फोटो नको, नुसती नोंद कर. पण कोऱ्या पानाचं खापर अंगणवाडी सेविकेवर फोडू नकोस. तिला पोषण आहार, मोबाइलमधली नोंदणी, सर्वेक्षणं आणि वरून मानधनाची वाट बघणं. तिला कुणी ते पान भरायला शिकवलं का, हा प्रश्न तिच्याबरोबर चहा घेताना विचार.

वाचायचं काय? परदेशी लेखांची तुझी यादी लांब आहे. आधी गडचिरोलीचं वाच. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तिथल्या गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला, 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापला, नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला होता. आजच्या आशांच्या त्या भेटींचं मूळ तिथे आहे. पण तू आकडा बघू नकोस, पद्धत बघ. काम सुरू करण्याआधी त्यांनी जन्म आणि मृत्यू मोजले, शेजारची तुलनेची गावंही मोजली. ज्याचा जन्मच कुठे नोंदलेला नाही त्या बाळाचा मृत्यू कुठल्याच वहीत सापडत नाही. तुझी बाकावर न आलेली मुलं ती हीच.

मग जमैका. किंग्स्टनमधल्या खुरटलेल्या 129 बाळांपैकी काहींच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षं, आठवड्यातून तासभर जात. डबे, चिंध्या, बाटल्यांची झाकणं यांची खेळणी करून आईला बाळाशी खेळायला शिकवत. काहींना नुसतं पूरक अन्न मिळालं. वीस वर्षांनी पाहिलं तर खेळवलेल्या गटाची कमाई इतरांपेक्षा पंचवीस टक्के जास्त होती, नुसत्या पूरक अन्नाने तसा फरक पडला नव्हता. आपल्याकडे अंगणवाडीचं नाव खिचडीशी जोडलं गेलंय, म्हणून हा अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो. आपल्या राज्यात अंगणवाड्यांमार्फत ‘आरंभ’ कार्यक्रमाचे पालक मेळावे झाले त्यामागेही हाच विचार, बाळाशी खेळणं हेही काम आहे. तुमच्या बीटमध्ये, म्हणजे एका पर्यवेक्षिकेखालच्या अंगणवाड्यांच्या गटात, मेळावा झाला का आणि बाप किती आले, तेही विचार.

परवानगीचं : अर्ज तीन कर. बालविकास प्रकल्प अधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी आणि जिल्हा शल्यचिकित्सक. प्रत्येक अर्जाला कॉलेजचं पत्र जोड, आवक क्रमांकाचा शिक्का मारून पोच घे, नाहीतर ‘अर्ज आलाच नाही’ ऐकशील. माहितीच्या अधिकाराचा अर्ज पहिल्याच दिवशी टाकू नकोस, नंतर कुणी चहाही विचारणार नाही. संख्या माग, नावं नकोत. घरभेटीच्या वहीत मुलाचं नाव लिहू नकोस, क्रमांक दे. घरात कुणी ‘आमचं नाही सांगायचं’ म्हणालं तर तिथेच उठ. मुलाला मारहाण किंवा त्याहून वाईट काही दिसलं तर वही मिटून आधी 1098 या मुलांच्या मदतक्रमांकाला फोन कर.

आणखी एक गोष्ट, यावर मी सरांशीही भांडायला तयार आहे. विकासाची तपासणी-यादी हाताशी आहे म्हणून घरोघर मुलांवर वापरत सुटू नकोस. तिरुअनंतपुरमच्या बालविकास केंद्राची सतरा टप्प्यांची यादी सोपी आहे, दहा मिनिटांत होते, मोह होतो. पण ‘तुमचं मूल मागे आहे’ असं सांगून तू पुढच्या घरी जाणार आणि ती आई रात्रभर जागणार. ज्याला पुढच्या दारापर्यंत सोबत करायची तयारी आहे, त्यानेच ही यादी उघडावी. तुझ्याकडे पंधरा घरं आहेत, तीन महिने आहेत. सोबत जमेल त्यांच्याच बाबतीत कर, आणि तसं प्रबंधात लिही.

सर टक्केवारीवर अडून बसले तर त्यांना जिना दाखव. त्यात टक्केवारी आहेच, फक्त ती वरून खाली घसरत जाते. प्रबंध झाला की दोन पानांचा मराठी सारांश काढून सेविकांना वाचून दाखव. माझ्या त्या नव्वद टक्क्यांच्या अहवालाची प्रत मी कुणालाच दाखवली नव्हती.

तुझी,
ताई

ता.क. बेरासाठी बाळ झोपलेलं लागतं. ज्या दिवशी नंबर असेल त्या दिवशी भाच्याला पहाटे लवकर उठवा, एसटीत डुलकी घेऊ देऊ नका, आणि त्याची रोजची गोधडी पिशवीत टाका. एसटीत त्याला जागं ठेवायचं काम आत्याचं.